फाल्गुनातली चादर

नागपूर, १४ मार्च १९७५

ती. सौ. वच्छलावहिनींना त्रिंबकचा साष्टांग नमस्कार.

नागपूरला पोचलो, जिवंत आहे, आणि सोलापुरात पडतं ते ऊन नव्हेच असं माझं ठाम मत झालं आहे. काल दुपारी कापडबाजारात उतरलो तर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. अजून अर्धा मार्च जायचाय! टॉवेल दाखवले, टॉवेल खपले. मग छाती फुगवून तुमची चादर काढली. शेठजींनी आधी चादरीकडे बघितलं, मग वरच्या पंख्याकडे, मग माझ्याकडे. म्हणाले, "सोलापूरवाले, तब्येत बरी आहे ना? फाल्गुन लागला. चादर दसऱ्यानंतर आणा."

मी म्हटलं, निदान नक्षी तर बघा. त्यांनी बघितली. "मका छान काढलाय," म्हणाले. वहिनी, मी जीव तोडून सांगितलं की ही ज्वारी आहे, आमच्या बार्शीकडची, हुरड्यात आलेली, आणि प्रत्येक कणसावर बसलीय ती चिमणी. ते म्हणाले, "असेल."

पण गंमत पुढेच आहे. चारच्या सुमाराला आभाळ असं अंधारून आलं की दुकानांत दिवे लागले, आणि पाच मिनिटांत गारा! लिंबाएवढ्या! रस्ता पांढराफेक. मघाशी घाम पुसणारे शेठजी दोन्ही हात काखेत घालून कुडकुडायला लागले. मी म्हटलं, देव पावला, आणि चादर पुन्हा उलगडायला घेतली तर त्यांनी दुकानाच्या फळ्याच लावायला काढल्या. त्यांची संत्र्याची बाग आहे, जीव सगळा तिकडे. माझी वळकटी रिक्षाच्या मागे बांधलेली होती, ती सतरंजीसकट ओलीचिंब झाली. रात्र कशी काढली ते विचारू नका. नमुना मात्र सुखरूप आहे, अगदी घडी न मोडलेला.

मालकांची अट विसरलेलो नाही. निघताना गुरुसिद्धप्पांनी मला बाजूला घेऊन पुन्हा बजावलं, "पाडव्यापत्तुर चारशे चादरीची ऑर्डर आन. आली तर तुझ्या वहिनीची नक्षी वर्षभर मागावर, आन ती नक्षी काडायला ग्राफच्या टेबलावर. न्हाय आली तर तिनं गप घडी घालायची, पुन्ना नक्षीचं नाव काडायचं न्हाय." मोठे हुशार! चादर विकायला महिना दिला तो फाल्गुन. पण सात वर्षं तुम्ही दुसऱ्यांच्या नक्षीच्या घड्या घातल्यात, हे मी रोज बघत आलोय. मी हात हलवत परत येणार नाही.

आता दिल्ली. पत्ता सोबत लिहिला आहे. दादाला नमस्कार सांगा, तो उत्तर देणार नाही, तरी सांगा.

तुमचा,
त्रिंबक


सोलापूर, १८ मार्च १९७५

चि. त्रिंबकभाऊजी, अनेक आशीर्वाद.

मका म्हणाले? त्या शेठजींना एकदा आमच्या आईच्या रानात उभं करायला हवं. असो. तुमचं पत्र मी कारखान्यात माझ्याबरोबर घडी घालणाऱ्या येसूबाईला वाचून दाखवलं. गारांपर्यंत आल्यावर ती म्हणाली, "थंडी पडली आन दुकान बंद केलं? असला कसला येपारी!" दोघी इतक्या हसलो की मुकादम बघायला आला.

आता नीट ऐका, मला एक मोठाच शोध लागलाय. रोज दुपारच्या सुट्टीत मी वाचनालयात जाऊन पेपरातले हवामानाचे रकाने वाचते. कुठे किती तापलं, कुठे किती उतरलं, सगळं गावांच्या नावानिशी छापलेलं असतं, आणि आपण आजवर त्यात वाणसामान बांधत आलो! त्यावरून मी हिशेब मांडलाय. उत्तरेला डोंगरात बर्फ पडलं की दोनेक दिवसांनी दिल्लीला गारठा येतो. परवाच्या पेपरात आहे, सिमल्याला मार्चमध्ये बर्फ! म्हणजे दिल्ली गारठणारच. तेव्हा भाऊजी, टॉवेल राहू द्या पेटीत. दिल्लीत पाय ठेवल्याबरोबर पहिली चादर काढा. लोक कुडकुडत असतील, त्यांना नक्षी समजावत बसू नका, नुसती अंगावर टाका.

इथे अडतीसवर पारा आहे आणि वारा असा सुटतो की तोंडात माती. संध्याकाळी बार्शीच्या बाजूला ढग जमतात. आईचं खळं अजून उघड्यावर आहे, तिच्या जिवाला घोर. बाकी सगळं उत्तम. मला झोपच येत नाही, असं वाटतं की मीच गाडीत बसलेय. यांना नमस्कार सांगितला. "हं" म्हणाले. तुमच्या दादांच्या मानाने हे भाषणच झालं.

तुमची वहिनी,
वच्छला


दिल्ली, २२ मार्च १९७५

ती. सौ. वहिनींना सा. न.

तुमचं पत्र काल सकाळी मिळालं. वाचलं, डोक्याला लावलं, आणि तुमच्या हुकुमाप्रमाणे चादर खांद्यावर टाकून चांदणी चौकात गेलो. आता मी काय पाहिलं ते सांगतो. लोक बनियनवर बसले होते. एक जण उसाच्या रसाचा तिसरा पेला पीत होता.

वहिनी, गारठा आला होता हो! खराच आला होता! धर्मशाळेचा रखवालदार सांगतो, सतरा-अठराला असं थंड वारं सुटलं की लोकांनी ठेवलेल्या रजया पुन्हा बाहेर काढल्या. मी एकोणीसला उतरलो तेव्हा त्या पुन्हा ट्रंकेत चालल्या होत्या. तुम्ही पेपर वाचणार कालचा, पेपरात थंडी परवाची, आणि तुमचं पत्र मला मिळणार चार दिवसांनी. तोवर तुमचा गारठा माझ्या आधी गाडी पकडून निघून गेलेला! पण शोध मात्र खरा आहे तुमचा, हे मान्य. फक्त थंडी चालते मेलने आणि टपाल चालतं पॅसेंजरने.

इथे अकरा दुकानं झाली. सात जणांनी नक्षीला मका म्हटलं, दोघांनी बाजरी, एकाने "झाडू" म्हटलं त्याच्याशी मी भांडलो. अकरावा भला माणूस होता. त्याने चादर हातात घेऊन बराच वेळ बघितली आणि म्हणाला, "चिड़िया बहुत अच्छी है." ऑर्डर दिली नाही, पण मी त्याच्याकडे चहा प्यालो.

आज संध्याकाळच्या गाडीने अमृतसर. ते बर्फाच्या जवळ आहे, थंडीला तिथून पळायला वेळ लागेल असा माझा हिशेब! पाडव्याला अजून एकवीस दिवस आहेत. नमुना एकदम कोरा करकरीत आहे, काळजी नसावी.

तुमचा,
त्रिंबक


सोलापूर, २६ मार्च १९७५

चि. भाऊजी, आशीर्वाद.

घाईत लिहिते आहे. अमृतसरचा पत्ता बरा कळवलात.

इकडे वीस तारखेला अवकाळी पाऊस झाला. चांगलाच. वाऱ्याने आंब्याचा मोहोर सगळा खाली आला, आणि आईच्या खळ्यावर ताडपत्री टाकायला गाव धावून आलं, ज्वारी वाचली. कारखान्यात थोडं भिजलं. विशेष काही नाही.

दोन गोष्टी सांगायच्या आहेत. ऑर्डर मिळाली तर माल एप्रिलच्या अखेरीस मिळेल म्हणून सांगा, आधीचं वचन देऊ नका. आणि नमुन्याला जपा. पावसापाण्यात नेऊ नका, डाग पाडू नका, कुणाच्या हाती फार वेळ देऊ नका. नाहीच मिळाली ऑर्डर तर तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. घडीचं कामही काही वाईट नाही, उभ्याने करावं लागतं एवढंच.

मला फार वेळ नाही. हाताला फोड आलेत म्हणून अक्षर असं आहे.

वच्छला


अमृतसर, ३१ मार्च १९७५

ती. सौ. वहिनी,

सा. न. आधी भांडतो आणि मग आनंदाची बातमी सांगतो, कारण आनंदाची आधी सांगितली तर भांडायचं राहून जाईल.

घडीचं काम वाईट नाही? हे तुम्ही लिहिलंत? थंडीच्या मागावर मला देशभर पळवणाऱ्या तुम्ही? घडी घालून फोड येतात होय हाताला? मालकांनी तिकडे तुमच्यावर कामाचा मारा सुरू केलेला दिसतो, म्हणजे तुम्ही आपोआप वाकाल. आणि तुम्ही वाकलात! असं मनात आलं, रागही आला, म्हणून लिहिलं.

आता माझा गुन्हा. वहिनी, नमुना कोरा नाही. नागपूरला सतरंजी भिजली त्या रात्री मी तो अंगावर घेतला. दिल्लीतही घेतला, गाडीतही घेतला. काय करणार? दुपारी सदरा नको होतो आणि पहाटे दात वाजतात. रजई भाड्याने घेतली तर मध्यरात्री घामाघूम. तुमची चादर तेवढी दोन्ही वेळेला सोसते. तीनदा धुतली. तुम्हाला खोटं लिहीत राहिलो, कारण खरं लिहिलं असतं तर तुम्ही दिल्लीला येऊन माझा कान धरला असता.

होळीच्या दुसऱ्या दिवशी इथे रंगात न्हाऊन निघालो, चादरीवरही रंग उडाला. म्हणून ती चौथ्यांदा धुतली आणि धर्मशाळेच्या गच्चीवर दोरीला टाकली, शेजारी आपले नमुन्याचे पांढरे टॉवेल. दुकानं पालथी घालायला गेलो. दुपारी कडक ऊन. तीन वाजता ढग, गडगडाट, गारठा, धो धो पाऊस. मी बाजारात अडकलो. चादर आणि टॉवेल रात्रभर गच्चीवर भिजले, सकाळी पुन्हा उन्हात वाळले. मी वर गेलो तर दोरीपाशी एक पांढऱ्या दाढीचे सरदारजी उभे. सरदार उजागरसिंग. समोरच त्यांचं घर, खाली कापडाचं घाऊक दुकान. आपल्या गच्चीवरून ते दोन दिवस बघत होते. टॉवेलाचा कोपरा माझ्यापुढे धरून म्हणाले, "लाल चादर, सफ़ेद तौलिया, सारी रात साथ-साथ भीगे. रंग का एक छींटा नहीं! किसकी है?"

मी म्हटलं, माझ्या वहिनीची.

मग त्यांनी मला खाली नेऊन परातभर जेवू घातलं आणि त्यांचं म्हणणं असं, की इकडे हे दोन महिने माणसाला पांघरायलाच काही नसतं. रजई जड, नुसतं कापड हलकं, हवा दिवसातून चार वेळा रंग बदलते. दसऱ्यानंतर चादरी घेऊन तर सगळेच येतात. या हवेची चादर आजवर कुणी घेऊन आलं नाही. वहिनी, ऐकताय ना? आपण महिनाभर थंडी शोधत फिरलो, आणि तुमची चादर थंडीची नव्हेच! ती हवेच्या लहरीची आहे!

चारशे! चारशेची ऑर्डर, सहीशिक्क्यानिशी, सोबत जोडली आहे. ती घेऊन मालकांच्या टेबलावर आपटा.

रिवाजाप्रमाणे नमुन्यावर सही शिक्का करून तो सरदारजींनी ठेवून घेतला. गठ्ठा उघडला की माल त्याच्याशी ताडून बघणार, धाग्याचा फरक चालणार नाही म्हणाले. मी आज लखनौला निघतो आहे, टॉवेलचं काम आहे. मग कलकत्ता, १२ तारखेला तिथे असलंच पाहिजे.

तुमचा गुन्हेगार,
त्रिंबक


सोलापूर, ४ एप्रिल १९७५

भाऊजी,

सकाळी तुमचं पत्र आलं. पहिलं पान वाचून मी रडले, तिसरं वाचून कारखान्यात सगळ्यांदेखत ओरडले, आणि शेवटच्या चार ओळी वाचून तशीच तारऑफिसात धावले.

तार केलीच आहे: "सरदारजींकडून नमुना परत घ्या. ग्राफ आणि चिमणीचे पुठ्ठे भिजून गेले." पण तारेत माणूस किती सांगणार? म्हणून हे लिहिते. आणि हे लखनौला न पाठवता अमृतसरला सरदारजींच्या दुकानावर पाठवते आहे. तार वाचल्यावर तुम्ही लखनौत थांबणार नाही, एवढं मी तुम्हाला ओळखते.

वीस तारखेला थोडं भिजलं नव्हतं. वाऱ्याने माळ्यावरचा पत्रा उडाला आणि पाऊस सरळ माझ्या नक्षीवर पडला. ज्या भोकांच्या पुठ्ठ्यांवरून माग नक्षी विणतो ते माझे बाराशे पुठ्ठे तिथेच होते, आणि वरून चौकटींच्या कागदावर काढलेला माझा ग्राफ गुंडाळलेला. सकाळी जाऊन बघते तर ग्राफची शाई वाहून कागद निळा झालेला. नऊशे पुठ्ठे फुगले होते, पण भोकं कळत होती. ते उन्हात वाळवले, एकेक वाचला आणि नवे पाडले. फोड त्याचे. खालच्या तीनशेंचा लगदा झाला. ते चिमणीचे होते. कणसं आहेत, चिमणी नाही.

नमुना तेव्हाच मागवायला हवा होता, हे आता कळतं. पण तो मागितला असता तर तुमच्या हातात विकायला काय राहिलं असतं? मालकांनी एकच चादर विणू दिली होती. म्हटलं, आपणच काढलेली चिमणी, आठवणीतून काढू. पाच वेळा काढली. पाच वेगळ्या चिमण्या झाल्या. आणि तुमचे सरदारजी म्हणतात धाग्याचा फरक चालणार नाही.

मालकांना काही माहीत नाही. तुमचे दादा दिवसभर माग दुरुस्त करायचं जॉबरचं काम करून संध्याकाळी माझ्याबरोबर पुठ्ठे पाडतात, तोंडातून अवाक्षर नाही. येसूबाई पुठ्ठे दोऱ्यात ओवते. काल म्हणाली, "वच्छला, मालकाला सांग की गं. खाऊन टाकील का तुला?" मी सांगणार नाही. बाईच्या हाती नक्षी दिली आणि तिने ती पावसात ठेवली, हेच म्हणतील ना?

ऑर्डर मी अजून टेबलावर आपटली नाही. पदरात बांधून फिरतेय. आठ दिवस आहेत. नमुना आणा भाऊजी. अंगावर घेऊन आणा, चुरगळून आणा, कसाही आणा.

वच्छला


अमृतसर, ८ एप्रिल १९७५, दुपार

ती. सौ. वहिनी,

तुम्ही मला ओळखता ते खरं. तार हातात पडली आणि मी लखनौ स्टेशनवर होतो, पेटी धर्मशाळेतच राहिली. परवा दुपारी इथे पोचलो. तुमचं पत्र आत्ता मिळालं, काम संपता संपता.

सरदारजी नमुना द्यायला तयार नाहीत. मी पाया पडलो. म्हणाले, "बेटा, पास किया हुआ नमूना दुकान से बाहर गया, तो सौदा ख़त्म." चाळीस वर्षांचा त्यांचा नियम. रागावता येईना, कारण नियम बरोबरच आहे. मग मी म्हटलं, नमुना दुकानात राहू द्या, मीही दुकानात राहतो. मला एक भिंग, एक सुई आणि चौकटींचे कागद द्या.

वहिनी, मी! शाळेत मला मोर काढायला सांगितला तेव्हा मास्तरांनी त्याला शेपूट आहे की पाय हे विचारलं होतं. तो मी, गेले दोन दिवस गादीवर पालथा पडून तुमच्या चिमणीचा एकेक धागा सुईने उचलून मोजतोय आणि चौकट काळी करतोय. चोचीला अर्धा दिवस गेला. गिऱ्हाइकं आली की मला ओलांडून जातात. सरदारजींचे म्हातारे मुनीमजी आकडा मोठ्याने म्हणतात आणि मी लिहितो, म्हणजे चुकायला नको. काल दुपारी काळं वादळ आलं, दुकानभर धूळ, दिवे गेले. मी कागदांवर आडवा पडलो. परवा गरम झळा होत्या, आज स्वेटर घालावासा वाटतो. हवेचं डोकं ठिकाणावर नाही, माझंही नाही.

पूर्ण झाली! चोच, डोळा, पंख, शेपूट, दोन्ही पाय. दोनदा मोजून ताडली. माझ्या डोळ्यांना ती जरा धष्टपुष्ट दिसते आहे. पण प्रत्येक धागा खरा आहे, देवाशपथ. हे पाकीट मी स्वतः स्टेशनवर जाऊन मुंबईच्या मेलच्या टपालडब्यात टाकतो आहे. अकराला तुमच्या हाती पडायला हवं. एक दिवस उरेल.

आणि एक सांगतो. मालकांना सांगा. चूक असती तर लपवायची. पाऊस काय तुम्ही पाडलात?

मी इथून सरळ कलकत्त्याला जातो. तिथल्या पत्त्यावर कळवा. काहीही झालं तरी कळवा.

त्रिंबक


सोलापूर, १३ एप्रिल १९७५

चि. त्रिंबकभाऊजी, अनेक अनेक आशीर्वाद.

पाकीट शुक्रवारी अकरा वाजता आलं. कागद उलगडले. भाऊजी, ती चिमणी नव्हती, कोंबडी होती! कणसावर बसली तर कणीस मोडेल अशी. मी डोक्याला हात लावून बसले. तुमच्या दादांनी कागद घेतला, खिडकीशी नेला, बराच वेळ पाहिला आणि चक्क बोलले. म्हणाले, "त्यानं ताण्याचा हरेक उभा धागा मोजलाय. आपल्या मागावर दोन धाग्याला ग्राफचं एक घर."

झालं! तुम्ही चुकला नव्हता, तुम्ही जरुरीपेक्षा दुप्पट खरं मोजलं होतं. माग दोन-दोन धागे जोडीने उचलतो हे फिरत्या माणसाला कसं कळणार? मी एक सोडून एक उभी रांग खोडत गेले आणि कोंबडी बारीक होत होत, संध्याकाळपर्यंत माझी चिमणी झाली. तीच. मान जराशी तिरकी, तशीच. मी तिला इतकी विसरले होते की ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं.

पण पुठ्ठे पाडायचे होते तीनशे. आम्ही तिघं बसलो. पाडव्याला सकाळी सात वाजता साठ बाकी होते, आणि आठला मालक नारळ, हार, मालकीणबाई सुंदरम्माकाकू आणि पेढे घेऊन दारात उभे. माग पुजायचे, नवा ताणा चालू करायचा. मला म्हणाले, "काय गं, आज पाडवा. ऑर्डर आली का न्हाय?"

मी पदराची गाठ सोडून तुमची ऑर्डर त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून वाचली. पुन्हा वाचली. "चारशे? फाल्गुनात?" आणि तोंडभर हसले. म्हणाले, "मग चढवा की नक्षी! वाट कुणाची बघता?"

तिथेच मला सांगावं लागलं. तुमच्या सांगण्यामुळे सांगितलं म्हणा, किंवा आता लपवायला जागाच उरली नव्हती म्हणून म्हणा. पत्रा, पाऊस, लगदा, तुमची चिमणी, बाकीचे साठ. मालकांचं हसू गेलं. माग बंद, त्यामुळे कारखान्यात कधी नसते इतकी शांतता होती. मला वाटलं, संपलं.

मग ते म्हणाले, "पत्रा कुणाचा उडाला?"

मी म्हटलं, "कारखान्याचा."

"माझा उडाला. भिजलं तुझं. आन तीन आठवडे तू माझ्यापास्नं चोरून हात फोडून घेतीस? मी काय राक्षस हाय का गं?" ते खरंच रागावले होते. सुंदरम्माकाकूंनी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "पत्रा ठोकून घ्या म्हणून तुझा नवरा दिवाळीपास्नं सांगत हुता मला." तुमच्या दादांनी हे मला कधी सांगितलं नव्हतं, भाऊजी. मला नाही आणि कुणालाच नाही.

मुकादम म्हणाला, मालक, मुहूर्त नऊपर्यंतच आहे. मालकांनी कोट काढून खुंटीला लावला. "मुहूर्त थांबंल की. नक्षी झाल्याबिगर एक बी माग चालणार न्हाय." आणि येसूबाईच्या शेजारी खाली बसून त्यांनी सुई-दोरा मागितला. पोरपणी ते पुठ्ठे ओवायच्याच कामाला होते म्हणे. येसूबाई सांगते, त्यांचा हात तिच्याहून चलाख आहे. मी आणि तुमचे दादा पाडत होतो, ते दोघं ओवत होते, काकू सगळ्यांना पेढे भरवत होत्या. बाहेर आभाळ भरून आलं, चार थेंब पडले, पुन्हा ऊन पडलं. कुणी वर बघितलंही नाही.

साडेदहाला शेवटचा पुठ्ठा ओवला. तुमच्या दादांनी तो चढवला, नारळ फुटला आणि माग सुरू झाला. भाऊजी, मी आजवर तो खडखडाट रोज ऐकलाय, पण कालच्यासारखा कान देऊन कधी ऐकला नव्हता. आधी किनार आली. मग ज्वारीचं ताट. मग कणीस. आणि मग बोटभर कापडात चिमणीचे पाय दिसायला लागले, पोट, पंख, शेवटी तिरकी मान. येसूबाई ओरडली, "आली गं बया, बसली!" सगळा कारखाना गोळा झाला.

पहिली चादर पूजेसाठी लगेच कापतात. तुमच्या दादांनी ती कापून माझ्या हातात दिली, गरम होती. आणि मी काय केलं असेल? सात वर्षांची सवय. दोन्ही टोकं धरली, हनुवटीखाली दाबली आणि घडी घालायला लागले.

मालकांनी माझ्या हातातून ती काढून घेतली. म्हणाले, "ठेव ती. ते तुझं काम न्हाय आता." मुकादमाला म्हणाले, "उद्यापास्नं घडीला दुसरी बाई बघ." मग चादर पूर्ण उलगडून त्यांनी दोन्ही हातांनी उंच धरली, सगळ्यांना दिसेल अशी. आणि मला म्हणाले, "बघ की नीट. तू काडलीस."

मी बघत उभी राहिले. हातांना काही काम नव्हतं, त्यांचं काय करावं ते मला कळेना.

तुमची वहिनी,
वच्छला